उत्सवमूर्तीला काम द्या

शनिवार म्हणजे कुणाचा तरी वाढदिवस, हे समीकरण इथे लहान मुलं असलेल्या घरांना समजावून सांगायला नको. मंडळाच्या नाटकाची तालीम, मराठी शाळा, मुलांचा सॉकर आणि कॉस्टकोची फेरी यांतून जे दोन-अडीच तास वाचतात ते कुणाच्या तरी चिरंजीवांच्या नाहीतर कन्येच्या चरणी रुजू होतात. आमचा थोरला केजीत गेला तेव्हा त्याच्या वर्गात चोवीस मुलं होती. वर्गात आमंत्रणं वाटायची असतील तर सगळ्यांना वाटा, असा शाळेचा नियम. (चांगला नियम आहे, तक्रार नाही.) शिवाय मंडळातली मुलं, गल्लीतली मुलं. आम्ही दोघंही इंजिनियर, त्यामुळे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भेट सरासरी वीस डॉलरची धरली तर वर्षाला साताठशे डॉलर आमच्या घरातून बाहेर जात होते, आणि थोरल्याच्या वाढदिवसाला त्यातले बरेचसे खेळण्यांच्या रूपानं परत येत होते. जमाखर्च जवळजवळ बरोबर, फक्त मधल्या मध्ये आमच्या बेसमेंटमध्ये प्लास्टिकचा डोंगर उभा राहत होता.

वाढदिवसाची जागा कुठलीही असो, ट्रॅम्पोलिनची, बोलिंगची की जिम्नॅस्टिक्सची, कार्यक्रम ठरलेला. दारात सह्या करायच्या, की पोरगं पडलं-झडलं तर आमची काही हरकत नाही. पोरांनी तासभर उड्या मारायच्या, आईबापांनी भिंतीला टेकून घरांच्या किमतींवर बोलायचं. मग एक शिट्टी वाजते. सगळ्यांना एका लांबट खोलीत बसवून पिझ्झा, केक, गाणं. पुढची पार्टी बाहेर खोळंबलेली, म्हणून ज्याचा वाढदिवस त्यानं भेटी उघडायच्याही नाहीत. त्या थेट गाडीच्या डिकीत. आम्ही दोघं कामावर मोटारींचे भाग तयार करणाऱ्या लाइनी बघतो, पण इतका चोख 'सायकल टाइम' आम्हांला कधी साधलेला नाही.

तशी ही कल्पना जुनीच. अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी काढणाऱ्या नोलन बुशनेल यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला चक ई. चीजचं पहिलं दुकान उघडलं. पिझ्झा भाजून येईपर्यंत पोरांनी मशीनमध्ये नाणी घालत राहावं, हा त्यातला हिशेब. इंजिनियरचंच डोकं, नावं कशी ठेवणार? आणि ठेवायचीही नाहीत. दोघंही नोकरी करणारे, दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खालचा शेजारी जरा पाय वाजला की छताला झाडू ठोकणारा, अशा वेळी पैसे मोजून जागा घेणं हाच शहाणपणा. आम्हीही थोरल्याचे तीन आणि धाकटीचा एक वाढदिवस असेच केले आणि मुलं मजेत होती.

आता 'आमच्या वेळी' असा सूर लागणार, हे सवयीच्या वाचकांनी ओळखलं असेल. थोडक्यात आटपतो. आमच्यातलं एक सांगलीचं, दुसरं डोंबिवलीचं. सांगलीकडे वाढदिवस म्हणजे सकाळी तेल लावून आंघोळ, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार, औक्षण, आणि शाळेत रंगीत कपडे. सगळा वर्ग गणवेशात आणि आपण एकटेच रंगीत. हातात रावळगावच्या गोळ्यांची पिशवी. बाईंना दोन, बाकीच्यांना एकेक, जिवलगांना गुपचूप तीन. डोंबिवलीकडे संध्याकाळी बिल्डिंगमधली पंधरा-वीस मुलं घरात, कागदी बशीत वेफर्स, बटाटेवडा आणि डालड्याच्या चवीचा केक, वर रसना. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी होती. ज्याचा वाढदिवस त्याला काम असे. गोळ्या त्यानंच वाटायच्या, सतरंजी त्यानंच घालायची, बशा त्यानंच फिरवायच्या, आणि धाकट्या पाहुण्यांची भांडणंही त्यानंच सोडवायची. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. ते लक्षात आलं २०२३ साली.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. कुणाची आणि कुठल्या कंपनीतली याला महत्त्व नाही. गुरुवारी सकाळी दहा मिनिटांची मीटिंग, आणि दुपारी लॅपटॉप परत पाठवायचं खोकं. एच-वनवर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे तेही आपल्याला ठाऊक आहे. इथे मास्टर्स करून, अठरा वर्षं काढून, घर घेऊनही आम्ही त्या रांगेतच होतो. नोकरी सुटली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची आणि तिनं अर्ज भरायचा, नाहीतर दुसरा काही कागदोपत्री आसरा बघायचा, नाहीतर बिऱ्हाड आवरायचं. दुसऱ्याचं कामाचं परमिटही त्याच नोकरीला टांगलेलं, म्हणजे एक गेली की दोन्ही गेल्यातच जमा. घरात अमेरिकन नागरिक दोनच. एक नऊ वर्षांचा, आणि एक सहा पूर्ण व्हायची.

योगायोग असा की हा साठ दिवसांचा नियम लागू झाला १७ जानेवारी २०१७ रोजी, आणि धाकटी जन्मली त्यानंतर महिनाभरानं, १८ फेब्रुवारीला. नियम आणि मुलगी एका वयाचे. त्याआधी तेवढीही हक्काची मुदत नव्हती, त्यामुळे त्या नियमाला दुवा द्यावा की शिव्या, हे रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागे.

मुलांसमोर विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, पण आमचं घर काही एवढं मोठं नाही. तिसऱ्या का चौथ्या रात्री अंथरुणात शिरल्यावर धाकटीनं विचारलं, 'माझा बर्थडे साठ दिवसांच्या आत येतो ना?'

येतो म्हटलं, तेविसाव्या दिवशी येतो.

'मग ओके,' म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली. आम्ही खाली येऊन बराच वेळ स्वयंपाकघरात नुसते बसून राहिलो. त्या रात्री दोन गोष्टी ठरल्या. वाढदिवस करायचा, आणि घरी करायचा. पैशाचा भाग होताच. आमच्या भागात पंधरा मुलांच्या पार्टीला साडेचारशे डॉलर सहज लागतात, आणि त्या महिन्यात ती रक्कम मोठी होती. पण खरं कारण दोघंही बोललो नाही. एप्रिलमध्ये हे घर आपलं असेल की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि पाहुणे बोलावून केलेला तिचा एकही वाढदिवस या घरात झालेला नव्हता. तिसरा जुन्या अपार्टमेंटमध्ये झाला, चौथा करोनात झूमवर, पाचवा जिम्नॅस्टिक्सच्या जागेत.

घरी करायचा म्हटल्यावर तिनं रडारड केली नाही. तिला एकच अडचण दिसत होती. 'मग तिथला माणूस कोण?' तिथला माणूस म्हणजे शिट्टी वाजवणारा, आता इकडे चला, आता तिकडे बसा, असं सांगणारा.

'तू,' आम्ही म्हटलं.

हे उत्तर आम्ही विचार करून दिलेलं नव्हतं. दुसरं कुणी नव्हतंच म्हणून दिलं. पण पुढचे तीन आठवडे त्या एका शब्दावर घर चाललं. आमच्यातलं एक दिवसभर वरच्या खोलीत फोनवर मुलाखती देत असे, आणि खाली तिथल्या माणसाची तयारी चाललेली असे. तिनं शाळेच्या वहीत यादी केली. यादीत पहिलं काम 'शिट्टी आणणे', दुसरं 'सगळ्यांना बाथरूम दाखवणे'. आम्ही केलेल्या कुठल्याही प्रोजेक्ट प्लॅनमध्ये दुसरा मुद्दा कधी आलेला नाही, आणि पाहुणे सहा वर्षांचे असतील तर तो पहिलाच हवा.

पाहुणे किती, यावर वाटाघाटी झाल्या. वयाइतके पाहुणे, हा आमचा प्रस्ताव. सहावरून आम्ही नवावर आलो, ती चोविसावरून नवावर आली. मोजके बोलवायचे म्हणून शाळेत काही वाटलं नाही. आईवडिलांना फोन केले आणि आमंत्रणं टपालानं पाठवली. ती घरी छापली. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, हे भेंडी न खाणाऱ्या मुलांनाही पटतं. अर्ध्या कांद्याची वर्तुळं होतात. आणि मध्ये बटाट्यात कोरलेला मराठी ६. हा बटाटा थोरल्यानं कोरला, सुलट कोरला, आणि कागदावर उमटला तो ३! (वाचकांनी करून पाहावं, आपले तीन आणि सहा आरशात बघून एकमेकांचे केस विंचरू शकतील.) 'मी तीन वर्षांची नाहीये' म्हणून घरात वादळ झालं. तो बटाटा भाजीत गेला, दुसरा उलटा कोरला, आणि आरशात उजवं-डावं का बदलतं यावर थोरल्याचं आणि आमचं अर्धा तास भांडण झालं. ती संध्याकाळ अजून आठवते, कारण त्या अर्ध्या तासात कुणीही ई-मेल उघडून पाहिलं नाही.

खेळांचा प्रश्न सोपा होता. नऊ मुलं, एक बेसमेंट, बाहेर मिशिगनचा फेब्रुवारी. संगीत खुर्ची सगळ्यांना येतेच. आपल्या मामाचं पत्र हरवलं की ते इथे 'डक डक गूस' म्हणून सापडतं. मिनेसोटात गेलात तर तेच 'डक डक ग्रे डक' होतं आणि तिथली माणसं त्यावरून भांडायला उठतात. रुमाल तेवढा आमचा. पण मधल्या तासासाठी काहीतरी करायला हवं होतं, नुसतं पळायला नको, आणि त्यासाठी आम्ही अरविंद गुप्तांना शरण गेलो.

पुणेकरांना हे नाव नवं नाही. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनियर होऊन टेल्कोत लागलेले हे गृहस्थ पुढे नोकरी सोडून आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिले. पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांच्या कृती इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांतली सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. सरबत प्यायची साधी प्लास्टिकची स्ट्रॉ घ्यायची. (कागदाची नको, ती लाळेनं भिजून गप्प बसते.) एका टोकाचा इंचभर भाग दाबून चपटा करायचा आणि दोन्ही बाजूंनी तिरके छेद देऊन त्याला टोक आणायचं. झाली सनईच्या पत्तीची गरीब बहीण. ते टोक ओठांच्या आत घेऊन जोरात फुंकलं की आवाज येतो. कसा येतो ते लिहून सांगता येण्यासारखं नाही. बदकाला सर्दी झाली तर तसा येत असावा.

खरी गंमत पुढे आहे. एकानं फुंकत राहायचं आणि दुसऱ्यानं, म्हणजे मोठ्या माणसानं, कात्रीनं स्ट्रॉचं दुसरं टोक थोडं थोडं कापत जायचं. प्रत्येक तुकड्याबरोबर स्वर चढतो. आतला हवेचा खांब आखूड होतो म्हणून चढतो, निम्मी लांबी झाली की साधारण एक सप्तक वर जातो, हे आपल्याला माहीत असतं. सहा वर्षांच्या मुलाला ते माहीत नसतं, आणि त्याच्या तोंडातच ते घडत असतं. डोळे विस्फारलेले, गाल फुगलेले, कात्री नाकाजवळ यायला लागली तरी फुंकणं सोडवत नाही. नऊपैकी आठांच्या पिपाण्या पाच मिनिटांत वाजल्या. एकाची वाजेना. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही असं आम्ही ऐकून होतो. आम्ही मदतीला जाणार तेवढ्यात तिथला माणूस त्याच्याशेजारी जाऊन बसला. 'दात नको लावू, फक्त लिप्स,' असं काहीतरी तिनं सांगितलं, स्वतःची स्ट्रॉ काढून दाखवली, त्याची परत चपटी करून दिली. चौथ्या की पाचव्या फुंकीला ती वाजली, आणि पुढचा अर्धा तास त्यानं ती तोंडातून काढलीच नाही. थोरल्यानं फूटपट्टी घेऊन वेगवेगळ्या लांबीच्या पिपाण्या करून सात मुलांना ओळीनं उभं केलं. सरगम वाजली असं म्हणणार नाही, पण चढती भाजणी निश्चित होती.

रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला पाच कोऱ्या स्ट्रॉ आणि स्वतः केलेली पिपाणी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आईचा मेसेज आला: 'इट इज स्टिल गोइंग.' त्यात थोडा राग असावा. खर्च एकूण चार डॉलर.

खाण्याचं मात्र कोडं झालं. शनिवार १८ फेब्रुवारीला नेमकी महाशिवरात्र. आमच्या घरात एकाचा उपास कडक, आणि पाहुण्यांत एकाला शेंगदाणा चालत नाही, एकाला अंडं. दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी करण्यापेक्षा न केलेली बरी, हे आमचं ठाम मत आहे. संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्याही डबाबंद करून कपाटावर टाकल्या. १ जानेवारी २०२३ पासून तीळ इथल्या कायद्यानं नववं मोठं ॲलर्जन ठरलेला आहे, आणि तिळगूळ घ्या म्हणताना आता आधी विचारावं लागतं. शेवटी मुलांनी आपापले पिझ्झे स्वतः लाटले, त्यांवर हवं ते पसरलं. आकार भारताच्या नकाशापासून मिटनपर्यंत सगळे. मोठ्यांना बटाट्याची उपासाची भाजी आणि ताक. केक रव्याचा, दही घालून, बिनअंड्याचा; सांगलीला आई प्रेशर कुकरमध्ये वाळू घालून त्यावर डबा ठेवून करत असे, तोच. इथे ओव्हन आहे, तरी तो खरपूस वास काही येत नाही.

भेटी आणू नका असं आमंत्रणावर लिहिलं की कुणी विश्वास ठेवत नाही, हा सर्वांचाच अनुभव असेल. म्हणून आम्ही लिहिलं: तुमच्याकडचं वाचून झालेलं एक पुस्तक आणा. टेबलावर दहा पुस्तकं जमली, एक आमच्या मुलीचं, आणि जाताना प्रत्येकानं दुसऱ्याचं एक उचललं. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर दुधाचा डाग होता आणि देणाऱ्यानं त्याभोवती गोल करून 'हा मी पाडला' असं लिहिलं होतं. ते कुणी घ्यायचं यावरून दोघी रडल्या.

मग गाणं. आपण सगळे जे म्हणतो ते वाढदिवसाचं गाणं केंटकीतल्या लुइव्हिल गावच्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींच्या चालीवरचं आहे. त्यांनी १८९३ साली बालवर्गातल्या मुलांसाठी, सकाळी वर्गात एकमेकांना नमस्कार करायला, साधी सोपी चाल बांधली. वाढदिवसाचे शब्द तिला नंतर चिकटले. पुढे त्याच्यावर हक्क सांगून एक संगीत कंपनी वर्षानुवर्षं सिनेमावाल्यांकडून पैसे घेत होती. २०१५ साली कोर्टानं तो दावा उडवला आणि २०१६ साली तडजोड होऊन गाणं सगळ्यांचं झालं. आमच्या बेसमेंटमध्ये ते नऊ पिपाण्यांवर झालं. हिल भगिनींना ते ओळखू आलं असतं की नाही, शंका आहे.

केक कापण्याआधी पाट मांडून औक्षण. हे आम्ही घरातल्या घरात नेहमी करतो, पण शाळेतल्या मित्रमंडळींसमोर पहिल्यांदाच, त्यामुळे धाकटी लाजेल असं वाटलं होतं. ती लाजली नाही. तिथल्या माणसाच्या आवाजात तिनं सगळ्यांना सांगितलं, 'धिस वन यू डोंट ब्लो.' कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजनानं ओवाळलं, हातावर साखर ठेवली. दोन मिनिटांचं काम. ती उठली, आणि तो मघाचा न बोलणारा मुलगा पाटावर जाऊन बसला.

त्याला उठवायचं कसं? उठवलं नाही. त्याच्या आईला खुणेनं विचारलं, ती हसून हो म्हणाली, आणि त्याला ओवाळलं. मग रांगच लागली. नऊच्या नऊ पोरं ओळीनं पाटावर बसली. निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. आणायला आलेले आईबाप बूट न काढता जिन्यावर उभे राहून बघत होते. एका आजोबांनी, ते पोलिश होते, विचारलं, हे ओवाळताना तुम्ही म्हणता काय? मोठं व्हा, खूप जगा, एवढंच, असं आम्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नातवाला म्हणाले, 'सरळ बस.' आमच्या डोक्यात त्या क्षणी सदतीस हा आकडा होता. उरलेले दिवस. पण समोर पाटावर कुणीतरी बसलेलं, हातात तबक, आणि रांगेत अजून चार जण. आकड्याकडे बघायला सवड नव्हती.

वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला राहू नये म्हणून सांगून टाकतो. एकेचाळिसाव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं, अर्ज मुदतीत गेला, घर आहे तिथेच आहे.

तेव्हापासून घरचा वाढदिवस हा आमच्याकडे रिवाज झाला आहे, सक्ती नाही. थोरल्यानं दहाव्या वर्षी लेझर टॅग मागितलं, आम्ही पैसे भरले. फक्त कुणाला बोलवायचं, गाड्या कशा लावायच्या, कुणाला काय चालत नाही, हे त्यानं स्वतः फोन करून विचारलं. धाकटीनं सातव्याला चादरीमागे दिवा लावून सावल्यांचं नाटक केलं; ते अर्धवट राहिलं, कारण राक्षस रडायला लागला. आठव्याला जुन्या चादरींवर सापशिडी रंगवली आणि मुलंच सोंगट्या झाली. काही मुलं घरच्या वाढदिवसाला येऊन कंटाळतात हेही पाहिलं आहे. एकानं आल्या आल्या विचारलं होतं, 'बाकीचं कुठे आहे?' त्याला बशा वाटायला दिल्या. दोन तासांपेक्षा जास्त ताणू नये, आणि ओल्या बुटांसाठी दारात दोन मोठे ट्रे हवेतच, एवढं अनुभवानं सांगतो. नंतरची सफाई मोठी असते. ज्यांची दिवसभर पायांवर उभं राहायची नोकरी आहे त्यांना हे सगळं करा म्हणून सांगायची आमची छाती नाही.

तिथीचं सांगायचं राहिलंच. सांगलीच्या आजीच्या मते या सगळ्या गडबडीला वाढदिवस म्हणत नाहीत, वाढदिवस तिथीनं. धाकटी माघ वद्यात जन्मली, आकाशात अर्धा चंद्र होता. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. २०२३ साली ती तारखेच्या चार-पाच दिवस आधी आली. त्या दिवशी शाळेआधी तेल लावून आंघोळ झाली, शिरा झाला, आणि आजीनं व्हिडिओ कॉलवर पंचांग समोर धरून आम्हांला सूचना दिल्या. आजोबा शेजारी गप्प बसले होते. त्यांची जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावून टाकलेली, त्यांच्या पिढीतल्या अनेकांसारखी; त्यांना तिथीवाचून दुसरा वाढदिवसच नाही.

दोन वाढदिवस मिळतात म्हटल्यावर धाकटीची तिथीवर श्रद्धा बसली. ते दोन्ही एका दिवशी कधी येतात, असं तिनं गेल्या फेब्रुवारीत विचारलं. एकोणीस वर्षांनी, आम्ही म्हटलं. एकोणीस सौर वर्षं म्हणजे चंद्राचे २३५ महिने, फरक जेमतेम दोन तासांचा. थोरल्यानं लगेच फोनवर कॅलेंडर पुढे सरकवलं. २०३६, १८ फेब्रुवारी, सोमवार. प्रेसिडेंट्स डे. धाकटीनं यादीच्या वहीत ते लिहून ठेवलं, आणि कॉलेजला त्या दिवशी सुट्टी असते का, हे ती आत्तापासून ओळखीच्या प्रत्येक कॉलेजवाल्याला विचारत असते.